धर्मप्रांताच्या कौन्सिलवर निवडून आलात? मग आधी या फायली उघडा

मंडळीच्या, म्हणजे तुमच्या स्थानिक चर्चच्या, वार्षिक सभेत कोणीतरी तुमचं नाव सुचवतं, कोणीतरी अनुमोदन देतं, समोर दुसरं नाव येत नाही आणि टाळ्या वाजतात. तुम्ही डायोसिसन कौन्सिलचे किंवा सिनडचे, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालच्या मंडळ्यांचा जो धर्मप्रांत असतो त्याच्या कारभारी सभेचे, सभासद झालेले असता. काही आठवड्यांनी जाडजूड पाकीट हातात पडतं. त्यात मागच्या बैठकीचं इतिवृत्त, लेखापरीक्षित हिशोब, अंदाजपत्रक आणि पाच-सहा समित्यांचे अहवाल असतात. पहिल्या बैठकीत बहुतेक नवे सभासद प्रार्थनेला डोळे मिटतात आणि हिशोबाच्या वेळीही ते उघडत नाहीत.

हा लेख अशा नव्या सभासदासाठी आहे. तुम्ही अकाउंटंट किंवा वकील असण्याची गरज नाही. प्रत्येक विषयाला तीनच प्रश्न लावायचे: हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, पैसा कोणत्या निधीतला, आणि ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना कोणी विचारलं? खाली जे आहे ते या तीन प्रश्नांची उत्तरं कुठं शोधायची याबद्दल.

पहिली पायरी: सत्ता कुठं आहे ते कागदावर मांडा

अँग्लिकन कम्युनियन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चचं जागतिक कुटुंब. त्यात ४२ स्वायत्त चर्च आहेत. कँटरबरीच्या आर्चबिशपांना, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरिष्ठ बिशपांना, सगळीकडे मान आहे, पण इंग्लंडबाहेरच्या कोणत्याही धर्मप्रांताच्या अंदाजपत्रकातली एक ओळही त्यांना बदलता येत नाही. म्हणजे तुमच्या धर्मप्रांताचे नियम तुमच्याच प्रांताच्या, म्हणजे तुमच्या स्वायत्त चर्चच्या, संविधानात आणि कॅननमध्ये (चर्चच्या कायद्यांत) शोधावे लागतात. दुसऱ्या देशातल्या चर्चमध्ये कसं चालतं हे ऐकून आलेले सभासद बैठकीचा अर्धा वेळ खातात.

तरी मूळ रचना बहुतेक ठिकाणी सारखी आहे. बिशप एकटे राज्य करत नाहीत आणि सभासदही एकटे करत नाहीत. बिशप, धर्मगुरू आणि सामान्य सभासद असे तीन घटक एकत्र बसून ठरवतात. न्यूझीलंडच्या चर्चने १८५७ च्या संविधानात सामान्य सभासदांना या तिघांत जागा दिली. इंग्लंडची जनरल सिनड मात्र १९७० ची. संयुक्त चर्चमध्ये आणखी धागे मिसळलेले दिसतात. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला स्थापन झालेलं चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही दोन्ही अँग्लिकन कम्युनियनची सदस्य आहेत, पण त्यांत अँग्लिकनांबरोबर इतर परंपरांच्या मंडळ्याही आल्या. त्यामुळे पदांची आणि समित्यांची नावं बदलतात. नावांत अडकू नका, अधिकार बघा.

मतदानाची एक खुबी मात्र समजून घ्या. महत्त्वाच्या ठरावांवर गटवार मतदान मागता येतं. समजा सभागृहात ४० धर्मगुरू आणि ६० सामान्य सभासद आहेत. ठरावाच्या बाजूने ५८ सामान्य सभासद आणि १९ धर्मगुरू उभे राहिले, म्हणजे १०० पैकी ७७ मतं पडली. तरी ठराव पडतो, कारण धर्मगुरूंच्या गटात बहुमत झालं नाही. उलटंही घडतं. ही व्यवस्था मुद्दाम अशी आहे: एका गटानं दुसऱ्याला रेटून नेऊ नये म्हणून. तुमच्या संविधानात गटवार मतदान कोण, कधी आणि किती सह्यांनी मागू शकतं ते कलम शोधून खूण करून ठेवा. वेळ आल्यावर शोधायला बसलात तर उशीर झालेला असतो.

आता एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला हे निर्णय लिहा: पाळकांची नेमणूक आणि बदली, जमीन विकणं किंवा भाड्यानं देणं, कर्ज काढणं, बँक खातं उघडणं, कर्मचारी नेमणं, बाहेरच्या संस्थेशी करार. प्रत्येकासमोर चार रकाने: सुचवतं कोण, मंजूर करतं कोण, सही कोणाची, आणि हरकत असेल तर दाद कुठं. संविधान वाचत वाचत रकाने भरा. जे रिकामे राहतील ते सगळ्यात कामाचे. भांडणं नेमकी तिथूनच निघतात.

कौन्सिल वर्षातून एकदोनदा भरते. मधल्या काळात कार्यकारी समिती, स्टँडिंग कमिटी किंवा बिशप्स कौन्सिल कारभार पाहते. खरे निर्णय तिथं होतात आणि मोठ्या सभेत त्यांवर शिक्कामोर्तब होतं, ही तक्रार जुनी आहे आणि बरेचदा खरीही. उपाय साधा: त्या समितीचं इतिवृत्त सभासदांना मिळतं का ते विचारा. शिवाय मालमत्ता आणि पैसा कायद्यानं कोणाच्या नावावर आहे तेही बघा. इंग्लंडमध्ये धर्मप्रांताचा आर्थिक कारभार बोर्ड ऑफ फायनान्स या वेगळ्या कंपनीकडे असतो. इतर काही ठिकाणी वेगळा विश्वस्त न्यास असतो. कौन्सिलनं ठराव केला आणि विश्वस्तांनी तो अमलात आणायला नकार दिला, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

दुसरी पायरी: हिशोब मागून वाचा

खरंच, शेवटच्या पानावरून सुरुवात करा. पुढची पानं छायाचित्रांची आणि आभाराची असतात. मागच्या टिपांमध्ये निधींची फोड, कर्ज, हमी, प्रलंबित दावे आणि संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार असतात.

चर्चच्या पैशाचे चार कप्पे असतात. सर्वसाधारण निधी कौन्सिलला हवा तसा खर्चता येतो. राखीव निधी कौन्सिलनंच एखाद्या कामासाठी बाजूला काढलेला असतो, आणि कौन्सिलच ठरावानं तो पुन्हा मोकळा करू शकते. बंधनयुक्त निधी दात्यानं ठरावीक कारणासाठी दिलेला असतो. तो दुसरीकडे वळवण्याचा अधिकार कौन्सिललाही नाही आणि बिशपांनाही नाही. कायम निधीचं मूळधन राखायचं आणि उत्पन्न वापरायचं.

ही विभागणी कळली की अर्धा हिशोब कळला. समजा खजिनदार सांगतात, "काळजी नको, बँकेत ९० लाख आहेत." टीप उघडल्यावर दिसतं: ४० लाख कायम निधी, २८ लाख एका जुन्या चर्चच्या छपरासाठी आलेलं दान, १२ लाख कौन्सिलनं वाहनांसाठी राखलेले. उरले १० लाख. पाळकांचे पगार आणि कार्यालयाचा खर्च मिळून महिन्याला ५ लाख लागत असतील, तर हा धर्मप्रांत रिकाम्या तिजोरीपासून दोन महिन्यांच्या अंतरावर उभा आहे. खजिनदार खोटं बोललेले नाहीत. बँकेत असलेला पैसा आणि खर्चायला मोकळा असलेला पैसा यांत त्यांनी फरक केला नाही, एवढंच.

याच ठिकाणी एक चाचणी करा. पाच मिनिटं लागतात. बंधनयुक्त आणि कायम निधींची बेरीज एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला बँकशिल्लक, मुदतठेवी आणि त्या निधींच्या नावावरची गुंतवणूक. दुसरी बाजू कमी भरली तर छपराचा पैसा पगारात गेलेला आहे. हिशोबात त्याला 'अंतर्गत उचल', 'तात्पुरती तडजोड' अशी सभ्य नावं असतात. मग विचारायचं: उचल कोणत्या ठरावानं झाली, परतफेड कधी, आणि कोणत्या उत्पन्नातून? या तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर ती उचल नव्हे. बहुतेक धर्मप्रांतांत अशी वेळ चोरीमुळे येत नाही. महिनाअखेरीला पगार थांबू नयेत म्हणून कोणीतरी चांगल्या मनानं सही करतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करतं.

उत्पन्नाच्या बाजूला सगळ्यात मोठी ओळ बहुधा मंडळ्यांकडून येणाऱ्या वाट्याची असते. इंग्लंडमध्ये त्याला पॅरिश शेअर म्हणतात, इतरत्र असेसमेंट किंवा वर्गणी. तो ठरवण्याचं प्रत्येक सूत्र मंडळ्यांना काही ना काही शिकवतं. उत्पन्नावर वाटा ठरला तर दान आपोआप 'इमारत निधी'कडे वळू लागतं. उपस्थितीवर ठरला तर रजिस्टरातली माणसं रोडावतात. पाळकाच्या खर्चावर ठरला तर गरीब मंडळीला पाळकच परवडत नाही. निर्दोष सूत्र मी पाहिलेलं नाही. माझ्या मते जे सूत्र मंडळीच्या साध्या सभासदाला दोन मिनिटांत समजावता येतं ते जास्त वसूल होतं, मग ते थोडं कमी न्याय्य का असेना. अंदाजपत्रकाला मत देण्याआधी मागच्या पाच वर्षांत मागितलेला वाटा आणि प्रत्यक्ष आलेला वाटा शेजारी शेजारी मागा. दरवर्षी शंभरात ८५ येत असतील आणि अंदाजपत्रक १०० धरून बनत असेल, तर तूट अपघात नाही, ती छापून मंजूर केलेली आहे.

कर्ज आणि हमी या टिपा कधीही वगळू नका. ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्ट धर्मप्रांताचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या विकास निधीनं बँकेकडून कर्ज घेतलं आणि ते धर्मप्रांताच्या शाळांकडे वळवलं. परतफेड होईना. प्रकरण न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला. वादाच्या मध्यभागी बँकेला दिलेलं पाठबळाचं पत्र होतं. म्हणून 'ही हमी नाही, नुसतं पत्र आहे' असं कोणी म्हणालं तर ते पत्र सभेपुढे वाचायला सांगा.

गुंतवणुकीचा धडा इंग्लंडचा. तिथले चर्च कमिशनर्स म्हणजे शतकानुशतकांची मिळकत सांभाळणारी संस्था. १७०४ पासूनचा क्वीन अ‍ॅन्स बाउंटी हा गरीब धर्मगुरूंच्या मदतीचा निधी आणि १८३६ चे एक्लेझिॲस्टिकल कमिशनर्स हे चर्चच्या मिळकतीचं मंडळ एकत्र करून १९४८ मध्ये ती झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मालमत्तेच्या सट्ट्यात तिचं सुमारे ८० कोटी पौंडांचं मूल्य बुडालं. एवढी मोठी संस्था सावरली. तुमचा धर्मप्रांत सावरेल का, हा विचार करून एकाच प्रकारच्या मालमत्तेत किती टक्के अडकलंय ते तपासा.

लेखापरीक्षकाचा शेरा बहुधा ठोकळेबाज असतो. त्याच्याबरोबर व्यवस्थापनाला लिहिलेलं वेगळं पत्र असतं, त्यात खऱ्या त्रुटी असतात. ते पत्र वित्त समितीपुढे आलं का आणि मागच्या वर्षीच्या त्रुटींचं काय झालं, एवढं विचारलंत तरी कार्यालय सावध होतं.

मंडळीच्या पातळीवरचं एक काम जाता जाता. रविवारचं अर्पण नातेसंबंध नसलेल्या दोघांनी, त्याच दिवशी, इमारत सोडण्याआधी मोजायचं आणि चिठ्ठीवर दोघांनी सही करायची. बँकेत भरणारा तिसरा असावा. यात कोणावर अविश्वास नाही. उद्या कोणी बोट दाखवलं तर मोजणाऱ्याचंच रक्षण होतं.

तिसरी पायरी: बैठकीत बोलायचं कसं

इथं सगळ्यात जास्त माणसं हरतात. बिशप खुर्चीत बसलेले असतात, त्यांनी तुमच्या मुलांना कन्फर्मेशन (श्रद्धा पक्की करण्याचा विधी) दिलेलं असतं, आणि हिशोबावर प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं असं वातावरण तयार होतं. म्हणून प्रश्न आधी लेखी पाठवा, निदान सात दिवस आधी, सचिवांना आणि खजिनदारांना दोघांनाही. सभेत अचानक विचारलेल्या प्रश्नाला 'माहिती घेऊन सांगतो' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ती माहिती पुढच्या बैठकीपर्यंत सगळे विसरतात.

वाक्यरचनाही महत्त्वाची. "पैसे गेले कुठं?" विचारलं की समोरचा बचावाला उभा राहतो. "बिशपसाहेब, पान २३ वरच्या टीप ११ मध्ये छपराच्या निधीतून ६ लाखांची उचल दिसते. तो ठराव कोणत्या तारखेचा, हे इतिवृत्तात नोंदवावं, अशी विनंती" असं म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं आणि आदरही राहतो. पान आणि टीप सांगा. आकडा सांगा. विशेषण टाळा.

ज्या विषयात तुमचा किंवा नातेवाइकांचा हितसंबंध आहे तिथं आधी जाहीर करा आणि चर्चेच्या वेळी बाहेर जा. भाचा ठेकेदार असेल तर तो कितीही स्वस्तात करत असला तरी. आणि इतिवृत्त मंजूर होताना वाचा, ऐकू नका. 'चर्चा होऊन मान्य' एवढंच लिहिलेलं असेल तर विरोधाची मतं आणि ठरावाचे नेमके शब्द घालायला सांगा. दहा वर्षांनी न्यायालयात किंवा विश्वस्तांपुढे फक्त तो कागद बोलतो.

चौथी पायरी: जमीन आणि इमारती

यावर थोडकंच. मंडळीला वाटतं इमारत आपली, धर्मप्रांताला वाटतं आपली, आणि नोंद तिसऱ्याच न्यासाच्या नावावर निघते. म्हणून मालमत्तांची यादी, प्रत्येकीची मालकीनोंद, भाडेकरार आणि संपण्याच्या तारखा एका तक्त्यात आहेत का ते विचारा. नसतील तर तो तक्ता करायचा ठराव आणा; नव्या सभासदाचा पहिला ठराव म्हणून याहून चांगला विषय नाही, कारण विरोध करायला कोणाला कारण सापडत नाही. परवानग्यांची साखळी देशागणिक वेगळी. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मंडळीला चर्चची मालमत्ता विकायला किंवा गहाण टाकायला बिशप आणि स्टँडिंग कमिटी दोघांची संमती लागते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारतीत बदल करायला फॅकल्टी नावाची परवानगी लागते. विक्रीचा विषय आलाच तर स्वतंत्र मूल्यांकन आणि विक्रीचा पैसा कोणत्या कप्प्यात जाणार, हे दोन्ही ठरावातच लिहून घ्या. जमीन विकून पगार भागवणं म्हणजे बियाणं दळून खाणं.

पाचवी पायरी: सेवाकार्य कागदावरून बाहेर काढा

१९८४ मध्ये अँग्लिकन कन्सल्टेटिव्ह कौन्सिलनं, म्हणजे कम्युनियनच्या सल्लागार मंडळानं, मिशनच्या, म्हणजे चर्चच्या कार्याच्या, खुणा मांडल्या. त्यांतली एक गरजूंच्या गरजेला प्रेमानं सेवा करून उत्तर देण्याची, दुसरी समाजातली अन्यायी रचना बदलण्याची. सृष्टीच्या जपणुकीची पाचवी खूण १९९० मध्ये आली. धर्मप्रांताच्या अहवालात या पाचही बहुतेक वेळा छापलेल्या असतात. अंदाजपत्रकात त्यांच्यासमोर काय लिहिलंय ते बघा. 'सेवाकार्य' या ओळीतला पैसा वस्तीपर्यंत किती पोचतो आणि परिषदा, प्रवास, छपाईत किती जातो, अशी फोड मागा.

नवा उपक्रम सुरू करायचा असेल तर खोली भाड्यानं घेण्याआधी सहा आठवडे फक्त ऐका. परिसरात फिरा, शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या रांगेत, बसथांब्यावर बोला. चर्चला न येणाऱ्यांशी जास्त. त्या भागात आधीच कोण काय करतंय त्याची यादी करा. पुष्कळदा असं निघतं की लोकांना आणखी एक शिलाईवर्ग नको असतो. त्यांना अर्ज भरून देणारं, कार्यालयात सोबत येणारं माणूस हवं असतं. त्याला इमारत लागत नाही.

मग एका पानावर लिहा: कोणासाठी, आठवड्यातून किती तास, जबाबदार कोण, पैसा किती आणि किती वर्षांचा, आणि थांबवायचं कधी. शेवटचा मुद्दा लिहिताना सगळ्यांना अपशकुनासारखं वाटतं, पण तोच उपयोगी पडतो. परदेशी देणगी तीन वर्षांची असते, नेमलेली माणसं मात्र कायमची समजतात. देणगी संपल्यावर त्यांचा पगार सर्वसाधारण निधीवर येतो आणि वर सांगितलेले ते १० लाख दोन महिनेही पुरत नाहीत. म्हणून बाहेरचा पैसा घेताना देशाचा कायदा काय सांगतो, प्रशासकीय खर्चावर मर्यादा आहे का, आणि दात्याला हिशोब कोण देणार, हे करारावर सही होण्याआधी वित्त समितीनं पाहावं.

लाभ आणि धर्म यांची सांगड घालू नका. धान्य घ्यायला आलेल्या बाईला उपासनेला बसवलं की ती बसेलही, पण ते तिचं स्वातंत्र्य नसतं. प्रवेशाच्या अर्जात धर्माचा रकाना ठेवण्याचं कारण विचारा. समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मुलं किंवा असहाय माणसं येणार असतील तर सुरक्षेची व्यवस्था आधी, उद्घाटन नंतर. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. कॅनडातल्या कॅरिबू धर्मप्रांतानं मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळेतल्या अत्याचारांच्या दाव्यांपुढे २००१ च्या अखेरीस कारभार बंद केला. पुढे २००३ मध्ये सरकारशी करार झाला, त्यात कॅनडातल्या अँग्लिकन चर्चवर अडीच कोटी डॉलरांपर्यंतची जबाबदारी आली आणि देशभरच्या धर्मप्रांतांनी ती वाटून घेतली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला, तो एका जुन्या अत्याचार प्रकरणाच्या हाताळणीवरच्या अहवालानंतर. सगळीकडे दुखणं एकच: तक्रार आली, ती आतल्या आत मिटवली गेली.

म्हणून किमान एवढं: मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी, एकट्या मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल नको, तक्रार कोणाकडे करायची याचा फलक मुलांना वाचता येईल अशा उंचीवर, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती पाळकांची नातेवाईक किंवा हाताखालची नसावी. गुन्ह्याची तक्रार पोलिसांकडे जाते, आधी बिशपांच्या टेबलावर नाही. हे सगळं तुमच्या धर्मप्रांताच्या धोरणात आहे का, आणि मागच्या वर्षात किती जणांना त्याचं प्रशिक्षण मिळालं, हा प्रश्न प्रत्येक वर्षी विचारा, उत्तर चांगलं आलं तरी.

वहीत काय ठेवायचं

एक फाईल पहिल्या दिवसापासून चालवा: तो अधिकारांचा तक्ता, दर वर्षीची निधींची फोड, वाट्याच्या वसुलीचे आकडे, तुम्ही लेखी विचारलेले प्रश्न आणि आलेली उत्तरं, उत्तर न आलेल्यांवर तारखेसह खूण. मुदत संपली की ती तुमच्या जागी येणाऱ्याला द्या, हातात, समोर बसून. चहाच्या दोन कपांत सगळं सांगून होतं. फक्त छपराच्या निधीचं पान उघडून दाखवायला विसरू नका.